परसातील बदकघराचे अंथरण : वर्धा जिल्ह्यापुरता एक विचार

परसात पाच-सहा बदके पाळू लागलेल्या कुटुंबाची पहिली तक्रार बहुधा एकच असते : खुराडे कितीही वेळा झाडले तरी आठ-पंधरा दिवसांत ते ओले होते आणि त्याला उग्र दर्प येऊ लागतो. त्यामागोमाग प्रश्न येतो तोही ठरलेलाच. कमीत कमी देखभालीत टिकेल असे अंथरण कोणते? विचारणाऱ्याची अपेक्षा एखाद्या पदार्थाचे नाव ऐकण्याची असते आणि सांगणाराही तूस, भुसा, वाळू किंवा कुटार यांपैकी एक नाव सांगून मोकळा होतो. प्रस्तुत टिपणात असे दाखवण्याचा हेतू आहे की, पदार्थाची निवड ही या प्रश्नातील शेवटची पायरी होय. तत्पूर्वी दोन गोष्टींचा निकाल लागावा लागतो : अंथरणात पाणी किती येते व ते कोठे जाते, आणि अंथरण उलथण्याचे काम कोण करते. या दोन गोष्टी नीट ठरल्या तर जिल्ह्यात सहज मिळणारे तीन-चार पदार्थ सारख्याच समाधानाने वापरता येतात. त्या ठरल्या नाहीत तर कोणताही पदार्थ पुरा पडत नाही.

कोंबडीसाठी केलेला विचार बदकाला का लागू पडत नाही

भारतात बदकपालनाची परंपरा मुख्यत्वे पश्चिम बंगाल, आसाम, त्रिपुरा, केरळ अशा पाणथळ प्रदेशांत आहे. विदर्भात कुक्कुटपालन म्हणजे कोंबडीपालन असाच अर्थ रूढ आहे. साहजिकच येथे बदकांविषयी जो सल्ला मिळतो तो कोंबड्यांच्या शेडवरून उचललेला असतो, व त्यात 'गादी पद्धती'ला अग्रस्थान असते.

ही पद्धत अमेरिकेतील ओहायो राज्याच्या कृषी प्रयोगकेंद्रात केनर्ड व चेंबरलिन यांनी १९४०च्या दशकात अभ्यासून पुढे आणली. जुने अंथरण वरचेवर काढून न टाकता त्यावरच नवे थर घालीत जावे, आत सूक्ष्मजंतूंची वाढ होऊन विष्ठा कुजत जाते व गादी महिनोन्‌महिने टिकते, असे तिचे थोडक्यात तत्त्व. देखभाल वाचवणारी पद्धत म्हणून ती जगभर पसरली. परंतु या बचतीमागे एक न दिसणारा मजूर आहे, आणि तो म्हणजे स्वतः कोंबडी. दाणा शोधण्यासाठी कोंबडी दिवसभर नखांनी गादी उकरते. त्यामुळे वरचा ओला थर खाली जातो, खालचा कोरडा वर येतो, आत हवा खेळती राहते व कुजण्याची क्रिया दुर्गंधीविना होते.

बदक उकरीत नाही. त्याच्या बोटांमध्ये पडदा असतो आणि पाऊल सपाट पडते. चालताना ते अंथरण दाबते, उलथीत नाही. कोंबडीच्या पायाखाली गादी सैल होते, बदकाच्या पायाखाली तीच घट्ट बसते. वरचा थर चिखलासारखा लिंपला गेला की आतली हवा कोंडते, आणि हवेविना होणारे कुजणे सुरू होऊन घाण वास सुटतो. म्हणजे गादी पद्धतीतील कोंबडीचा वाटा बदकघरात माणसाला उचलावा लागतो. आठवड्यातून एकदा दाताळ्याने गादी उलथणे हे काम कोणत्याही पदार्थाच्या निवडीने टळत नाही. अंथरण 'बिनदेखभालीचे' असू शकते ही कल्पना येथेच सोडून दिली पाहिजे. देखभाल कमी कशी होईल एवढाच प्रश्न उरतो.

दुसरा भेद विश्रांतीचा. कोंबडी रात्री दांडीवर बसते व तिचा अंथरणाशी संबंध सुटतो. बदक जमिनीवरच बसते. त्याची छाती, पोट व पावलांची मऊ त्वचा रात्रभर अंथरणाला टेकलेली असते. अंथरण ओले राहिले तर तळव्याची त्वचा भिजून फाटते, जखमेत जंतू शिरून पाऊल सुजते आणि बदक लंगडू लागते. घाणीने माखलेल्या पिसांचा पाणी न शोषण्याचा गुणही कमी होतो. शिवाय बदके बहुतेक अंडी पहाटेपासून सकाळी नऊच्या आत घालतात. त्यामुळे अंडी स्वच्छ मिळणार की विष्ठेने माखलेली, हे रात्रीच्या अंथरणावरच ठरते.

पाण्याचा हिशेब

बदकाच्या विष्ठेत शेकडा ८५ ते ९० भाग पाणी असते. प्रौढ बदकाची दिवसाची विष्ठा दीडशे ते दोनशे ग्रॅम धरली व तिच्यापैकी निम्मी रात्री खुराड्यात पडते असे मानले, तर पाच बदकांमागे दर रात्री सुमारे ४०० ग्रॅम पाणी अंथरणात येते. महिन्याला हे पाणी बारा किलो होते.

आता अंथरणाची बाजू पाहू. पाच बदकांना रात्रीसाठी वीस चौरस फूट, म्हणजे १.८६ चौरस मीटर जागा दिली व तीत धानाच्या तुसाचा दहा सेंटीमीटर थर घातला, तर साधारण वीस किलो तूस लागते. त्यात शेकडा दहा भाग ओलावा मुळातच असतो. म्हणजे अठरा किलो सुके द्रव्य व दोन किलो पाणी. अंथरणातील ओलावा शेकडा २० ते ३० च्या दरम्यान असणे इष्ट. तीसच्या पुढे ते चिकटू व कुजू लागते. अठरा किलो सुक्या द्रव्यात शेकडा तीस ओलाव्याच्या मर्यादेपर्यंत सुमारे ७.७ किलो पाणी मावते. मुळातील दोन किलो वजा जाता ५.७ किलोची सवड उरते. रोज ४०० ग्रॅम पाणी येत असेल आणि काहीच वाळत नसेल, तर ही सवड चौदा दिवसांत संपते. विष्ठेतील सुक्या भागामुळे या आकड्यात थोडा फरक पडेल. परंतु निष्कर्ष बदलत नाही.

या हिशेबातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, बदकाला चोच व नाकपुड्या धुण्यासाठी डोके बुडेल एवढ्या खोल पाण्याची गरज असते व ते पाणी उडवते. पाण्याचे भांडे खुराड्यात अंथरणावर ठेवले आणि रात्रीतून अवघे ४०० ग्रॅम पाणी सांडले, तरी येणारे पाणी दुप्पट होते व चौदा दिवसांचे सात दिवस होतात. भांडे अंथरणाबाहेर नेल्याने आयुष्यात पडणारा हा दुपटीचा फरक कोणत्याही दोन पदार्थांमधील फरकापेक्षा सहसा कमी भरणार नाही. दुसरी गोष्ट अशी की, पदार्थाने पाणी शोषणे म्हणजे पाणी नाहीसे होणे नव्हे. शोषलेले पाणी अखेर हवेतच जावे लागते. त्याचा मार्ग बंद असेल तर अधिक शोषक पदार्थ म्हणजे केवळ अधिक उशिरा भरणारे भांडे होय.

वर्ध्याची हवा व वर्ध्याची जमीन

या जिल्ह्यात हवेची पाणी उचलून नेण्याची शक्ती वर्षभर सारखी नसते, आणि तिच्यात पडणारा फरक फार मोठा आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४२-४३ अंशांवर व कित्येकदा ४५ अंशांपलीकडे जाते आणि सापेक्ष आर्द्रता शेकडा वीस-पंचवीसपर्यंत उतरते. अशा हवेत रात्री आलेले सर्व पाणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उडून जाते, व काळजी ओलाव्याऐवजी धुळीची करावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची आर्द्रता ऐंशीच्या वर असते आणि झडीच्या दिवसांत दुपारीही ती फारशी उतरत नाही. त्या काळात वरील चौदा दिवसांचा हिशेब जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. जिल्ह्याचा वार्षिक पाऊस सुमारे हजार मिलिमीटर असून तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणून अंथरणाची खरी परीक्षा या चार महिन्यांतच होते. एरवी कोणताही पदार्थ चांगला ठरतो, आणि मार्चमध्ये ज्याने समाधान दिले त्यावरच पावसाळ्यात विसंबल्याने फसगत होते.

दुसरे अंग जमिनीचे. धाम, बोर, वेणा, यशोदा यांच्या खोऱ्यांतील काळी कपाशीची जमीन पाणी धरून फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर खुराड्याचा तळ थेट ठेवला तर पावसाळाभर ओल खालून वर चढत राहते, आणि वरून कोरडे अंथरण घालणे व्यर्थ जाते. यास्तव तळ आजूबाजूच्या जमिनीपासून किमान एक फूट उंच घ्यावा, त्यात मुरूम ठोकून भरावा व वर फरशी बसवावी किंवा चोपून सारवलेली जमीन करावी. दाराकडे दर मीटरला दोन सेंटीमीटर उतार ठेवावा. भिंतींना खाली आडोसा व वर, बदकाच्या डोक्यापेक्षा उंचीवर, दोन्ही बाजूंनी जाळी असावी, म्हणजे झोत अंगावर न येता ओली हवा बाहेर पडते. हा खर्च एकदाच येतो, तर अंथरणाचा वारंवार. म्हणून काटकसर करायची ती येथे करू नये.

वास कोठून येतो

पक्ष्यांच्या विष्ठेतील नत्र मुख्यत्वे युरिक आम्लाच्या रूपात असते. कोरड्या विष्ठेत ते बराच काळ तसेच राहते. ओलावा मिळताच सूक्ष्मजंतू त्याचे विघटन करतात व शेवटी अमोनिया वायू सुटतो. हवेच्या दशलक्ष भागांत अमोनियाचे पंचवीस भाग ही पक्ष्यांच्या दृष्टीने सामान्यतः मर्यादा मानली जाते. त्यापुढे डोळे व श्वासमार्ग यांना इजा होते. माणसाच्या नाकाला या वासाची सवय होते, त्यामुळे रोज खुराडे झाडणाऱ्याचा निर्वाळा भरवशाचा नसतो. तसेच वायूचे प्रमाण अंथरणालगत अधिक असते. पाहणी करताना गुडघे टेकून, बदकाच्या डोक्याच्या उंचीवर नाक आणून वास घ्यावा. तोही सकाळी दार उघडताक्षणीच.

येथे एका प्रचलित उपायाविषयी सावधगिरीची सूचना देणे अगत्याचे आहे. ओल्या अंथरणावर चुना किंवा चुलीतील राख पसरण्याची चाल सर्वत्र आहे. दोन्ही पदार्थ अल्कधर्मी आहेत. अंथरणाचा सामू सातच्या वर गेला की त्यात विरघळून राहिलेला अमोनिया अधिक प्रमाणात वायुरूपाने बाहेर पडतो. म्हणजे भरल्या खुराड्यात ओल्या विष्ठेवर चुना टाकणे हे वास मारण्याऐवजी तो एकदम मोकळा करणे ठरते. शिवाय भिजलेल्या तळव्यांना चुना पोळतो. चुन्याचे स्थान वेगळे आहे. खुराडे पूर्ण रिकामे करून, तळ धुऊन वाळवल्यावर त्यावर चुन्याची निवळी फिरवावी, ती कोरडी होऊ द्यावी व मगच नवे अंथरण घालावे.

जिल्ह्यात मिळणारे पदार्थ

*धानाचे तूस.* वर्धा हा धानाचा जिल्हा नव्हे; तूस येते ते भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातील गिरण्यांमधून. तुसात सिलिका विपुल असते. ते जाळल्यावर शेकडा पंधरा ते वीस भाग राख उरते व ती बहुतांश सिलिकाच असते. या घडणीमुळे तूस पाणी कमी शोषते, लवकर कुजत नाही, दाबले तरी गोळा होत नाही आणि वारा लागताच सुकते. बदकाच्या दाबून चालण्याला तोंड देणारा हा गुण पावसाळ्यात फार मोलाचा ठरतो. वाहतुकीचा खर्च व बाष्पकांच्या इंधनासाठी असलेली तुसाची मागणी या त्याच्या अडचणी आहेत. तथापि पाच बदकांपुरती लागणारी पोती मोजकीच असतात.

*लाकडाचा भुसा व रंध्याची सालपटे.* या दोहोंत भेद करणे आवश्यक आहे. आरागिरणीतील बारीक भुसा पाणी चांगले शोषतो, पण ओला होताच त्याचा लगदा बसतो आणि कोरडा असताना त्याची धूळ उडते. कोवळी पिले तो खाद्य समजून गिळतात. सुताराच्या रंध्यातून निघणारी पातळ सालपटे त्यामानाने उत्तम. त्यांत हवा राहते व ती हळूहळू दबतात. सागाची बारीक धूळ माणसाच्याही त्वचेस व श्वासास त्रासदायक असल्यामुळे सागाचा भुसा टाळून सालपटेच घ्यावीत. वाळवीनाशक औषध लावलेल्या किंवा रंग दिलेल्या लाकडाचा अंश त्यात नसावा.

*कुटार व गव्हांडा.* घरचा माल म्हणून शेतकऱ्याची पहिली नजर यावरच जाते, आणि ते योग्यच आहे. मळणी यंत्रातून निघालेले दोन ते पाच सेंटीमीटर लांबीचे तुकडे मऊ, उबदार व चांगले शोषक असतात. मात्र कोणते कुटार, हा प्रश्न महत्त्वाचा. सोयाबीनची काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात होते व तिला परतीचा पाऊस गाठतो. गंजीत ओले राहिलेले सोयाबीनचे कुटार बाहेरून बरे दिसले तरी आत बुरशीने काळवंडलेले असू शकते. हरभरा व गहू फेब्रुवारी ते एप्रिलच्या कोरड्या हवेत निघतात, आणि तुरीची मळणीही पावसाळा संपल्यावर बऱ्याच दिवसांनी होते. अंथरणासाठी या उन्हाळी मळणीचा माल अधिक विश्वासाचा. त्यातही तूर-हरभऱ्याचे कुटार जनावरांच्या तोंडचे असते. गव्हांडा मात्र पुष्कळदा शेतातच जाळला जातो. त्याचा उपयोग येथे विनामूल्य होतो.

*पऱ्हाटी.* कपाशीच्या या जिल्ह्यात पऱ्हाट्यांची वाण नाही. कुट्टी करून घेतलेल्या पऱ्हाटीचा तळथर चांगला होतो. तिच्या जाड तुकड्यांमुळे वरच्या थरातील पाणी खाली निथळते व आत हवा राहते. पण तिचे टोकदार तुकडे मऊ पावलांना टोचतात, म्हणून तिच्यावर कुटार किंवा सालपटे यांचा किमान सात-आठ सेंटीमीटर थर हवाच. दोन दक्षता आणखी घ्याव्यात. पऱ्हाट्यांच्या वाळल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते; २०१७ साली विदर्भातील कपाशीवर तिने केलेला कहर विसरण्याजोगा नाही. यास्तव बोंडे झाडून नष्ट करावीत व कुट्टी लगेच करावी. आख्ख्या पऱ्हाट्या परसात रचून ठेवू नयेत. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या औषधांनी शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले. ज्या शेतातील फवारणीची माहिती आपल्याला आहे, त्याच शेतातील पऱ्हाटी वापरावी.

*वाळू.* ती कुजत नाही व झाडता येते, म्हणून तिची शिफारस केली जाते. कोंबडीची घट्ट विष्ठा वाळूवरून चाळून काढता येते. बदकाची पातळ विष्ठा तिच्यात मुरते. खाली निचरा नसेल तर काही आठवड्यांत सगळा थर दूषित होतो व तो धुण्याखेरीज गत्यंतर नसते. बदकघराबाहेर, पाण्याच्या भांड्याभोवती मात्र दगडगोट्यांवर पसरलेली वाळू उपयोगी पडते.

*भुईमुगाची टरफले.* ही मुळीच वापरू नयेत. कारण पुढील भागात दिले आहे.

बुरशी : ज्या चुकीला क्षमा नाही

ओल्या अंथरणाचे इतर दुष्परिणाम हळूहळू होतात व वेळीच लक्ष दिल्यास आवरता येतात. बुरशीचे तसे नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने दगावले. बदकांच्या पिलांतही मरतूक झाली. शोधाअंती दोष भुईमुगाच्या बुरसलेल्या पेंडीत सापडला आणि अॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष शास्त्राला ज्ञात झाले. त्यानंतर या विषाचे अस्तित्व ओळखण्यासाठी प्रयोगशाळांनी जो प्राणी निवडला तो एक दिवसाचे बदकाचे पिलू होय, कारण त्याच्या यकृतावर अत्यल्प मात्रेचाही परिणाम दिसून येतो. या विषाचा ब-१ हा प्रकार पिलाच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅमच्या तीन-चार दशांशाइतका पोटात गेला तरी निम्मी पिले दगावतात. कोंबडीचे पिलू याहून पुष्कळ सोशीक असते.

बदकाला ओल्या जागेत चोच घालून चाळण्याची उपजत सवय असते. अंथरणातील दाणे, टरफले व किडे ते चाळून गिळते. त्यामुळे बुरसलेले अंथरण हे बदकाच्या बाबतीत बुरसलेल्या खाद्याच्या जवळ येते. ही बुरशी २५ ते ३५ अंश तापमानात व दमट हवेत जोमाने वाढते, आणि वर्ध्याचा पावसाळा नेमका तसाच असतो. शेंगांची टरफले, सोयाबीनचे काळवंडलेले कुटार व खाद्य सांडून ओले झालेला कोपरा ही तिची आवडती स्थाने. याच कुळातील दुसऱ्या बुरशीचे बीजाणू धुळीबरोबर श्वासात जाऊन फुप्फुसात गाठी धरतात. म्हणून उन्हाळ्यात कोरड्या व धुळकट झालेल्या जुन्या अंथरणाकडेही काणाडोळा करू नये.

यावरून निवडीचा एक सोपा नियम निघतो. ज्या मालाला कुबट वास येतो, ज्यात पांढरे, हिरवे किंवा काळे ठिपके दिसतात, अथवा जो हलवताच धुरासारखी धूळ उडते, तो फुकट मिळाला तरी खुराड्यात आणू नये. त्याला उन्हात वाळवल्याने बुरशीची वाढ थांबेल. तयार झालेले विष उन्हाने जात नाही.

ऋतुमानाप्रमाणे योजना

वरील विवेचनावरून जिल्ह्यापुरती पुढील योजना सुचवता येते.

मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसापूर्वी, खुराडे पूर्ण रिकामे करावे. तळाला चुना देऊन वाळवावा. चार महिन्यांस पुरेल एवढे तूस किंवा सालपटे याच सुमारास, माल कोरडा असताना, आणून जमिनीपासून उंच माच्यावर झाकून ठेवावीत. जंगली पाणपक्षी बर्ड फ्लूचे विषाणू वाहून आणतात व बदके कित्येकदा वरकरणी निरोगी राहून ते पसरवतात; म्हणून साठा उघड्यावर किंवा तळ्याकाठी नसावा.

पावसाळ्यात तळाशी पऱ्हाटीची कुट्टी व वर तूस असा एकूण बारा ते पंधरा सेंटीमीटर थर असावा. शक्य असेल तर खुराड्याचा एक-तृतीयांश भाग बांबूच्या कामट्यांचा करावा. कामट्यांतील फट दीड ते दोन सेंटीमीटर ठेवावी व त्यांच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात. खाली उंदीर-मुंगसांना रोखणारी जाळी असावी. पाण्याचे भांडे याच भागावर ठेवावे, म्हणजे सांडलेले पाणी सरळ खाली जाते. आठवड्यातून दोनदा दाताळे फिरवावे. दारालगतचा ओला भाग काढून तेवढ्यापुरते नवे तूस घालावे.

हिवाळ्यात गव्हांडा किंवा हरभऱ्याचे कुटार घालावे. या ऋतूत ऊब हवी असते व हवा कोरडी असते. दहा सेंटीमीटर थरावर आठवड्याला एक पाटी नवे कुटार पुरते, आणि एकदा उलथणे भागते.

उन्हाळ्यात जाड गादी नको. आतील कुजण्याने उष्णता वाढते. पाच सेंटीमीटर तूस किंवा गव्हांडा पुरेसा होतो. फार धूळ होऊ लागल्यास तो बदलावा. एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. अंथरण कोरडे राहावे म्हणून प्रौढ बदकांचे खाद्य व पाणी दोन्ही रात्रीपुरते काढून घेण्याची पद्धत हिवाळ्यात चालते. मे महिन्यात, जेव्हा रात्रीही पारा तीस अंशांच्या आसपास राहतो, तेव्हा ती प्राणघातक ठरू शकते. बदकाला घाम येत नाही. धापा टाकून, म्हणजे पाणी खर्चूनच, ते अंग थंड ठेवते. अंथरण वाचवण्यासाठी बदक गमावणे यात शहाणपण नाही. आणि कोणत्याही ऋतूत, पाणी नसेल तेथे खाद्य ठेवू नये. कोरडे खाद्य बदकाच्या घशात अडकते.

पिलांसाठी पहिला आठवडाभर गोणपाट अंथरावे. वर्तमानपत्राच्या गुळगुळीत कागदावर पिलांचे पाय फाकून कायमचे अधू होतात. त्यानंतर सालपटे घालावीत. बारीक भुसा घालू नये.

अंथरणाची परीक्षा हातानेच करावी. मूठभर अंथरण दाबून सोडावे. त्याचा गोळा तसाच राहिला तर ओलावा जास्त, मूठ उघडताच ते धुळीसारखे गळाले तर कमी, आणि किंचित चिकटून मग विस्कटले तर योग्य समजावे.

वापरलेल्या अंथरणाचे मूल्य

पदार्थ निवडताना तो शेवटी कोठे जाणार याचाही विचार व्हावा. या बाबतीत आपल्या कापूस-प्रदेशाला एक जुना व जवळचा दाखला आहे. इंदूरच्या वनस्पति-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी कंपोस्टाची जी पद्धत सिद्ध केली आणि १९३१ साली ग्रंथरूपाने मांडली, तिच्यात पऱ्हाट्यांसारखा टणक कचरा गाडीवाटेवर पसरून चाकांखाली चुरडला जाई, तो बैलांखाली अंथरला जाई व मूत्र शोषल्यानंतर खड्ड्यात जाई. अंथरण हा कचऱ्याचा शेवट नसून खताचा आरंभ, ही दृष्टी त्यामागे होती. १९३५ साली गांधीजींच्या 'हरिजन' साप्ताहिकातही या पद्धतीची माहिती दिली गेली. त्याच सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य सुरू झाले होते.

या दृष्टीने पाहता पदार्थांचा क्रम थोडा बदलतो. जे खुराड्यात लवकर कुजत नाही ते खड्ड्यातही लवकर कुजत नाही. तूस अंथरण म्हणून श्रेष्ठ, पण खत म्हणून मंद. काळ्या जमिनीला ते काहीसे सैल करते एवढेच. लाकडाच्या भुशात कर्बाचे प्रमाण नत्राच्या कित्येक शेपट असते, आणि तो अर्धकच्चा शेतात गेला तर कुजताना जमिनीतील नत्र ओढून घेतो. डाळवर्गीय पिकांचे कुटार व गव्हांडा विष्ठेबरोबर काही महिन्यांत उत्तम कुजतात. म्हणून पावसाळ्यातील तूस व हिवाळ्यातील कुटार एकाच खड्ड्यात थरांनी घालून, ओलावा राखून व एक-दोन वेळा उलथून मगच शेतात न्यावे. ताजे अंथरण भाजीपाल्याला थेट देऊ नये. त्यातील रोगजंतू कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवाटे घरात येतात.

उपसंहार

सारांश, परसातील बदकघरात देखभाल वाचवण्याचे उपाय महत्त्वाच्या क्रमाने असे : उंच व उताराचा तळ, अंथरणाबाहेर नेलेले पाणी, वरून खेळती हवा, आठवड्याचे दाताळे, आणि शेवटी पदार्थ. पदार्थांत पावसाळ्यासाठी तूस किंवा रंध्याची सालपटे, हिवाळ्यासाठी उन्हाळी मळणीचे कुटार, तळथराला पऱ्हाटी. आणि बुरशीचा संशय असेल ते काहीही वर्ज्य.

या विषयात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अल्प साधनांत करता येण्याजोगे काम आहे. प्रस्तुत टिपणातील हिशेब सामान्य मापांवर आधारलेला आहे. त्याची पारख प्रत्यक्ष परसात व्हावी. सारख्या आकाराची चार खुराडी घेऊन तूस, सालपटे, गव्हांडा व पऱ्हाटी-तूस असे थर घालावेत. जून ते सप्टेंबर दर आठवड्यास अंथरणाचा नमुना १०५ अंशांवर वाळवून ओलावा काढावा, अंथरणालगतचा अमोनिया मोजावा, व बदकांच्या तळव्यांची आणि अंड्यांच्या स्वच्छतेची नोंद ठेवावी. याखेरीज घरातील ज्या व्यक्तीवर हे काम पडते, तिची आठवड्याची मिनिटे मोजण्यास विसरू नये. पाळणारी बहुधा घरातील स्त्री असते, आणि 'कमी देखभाल' या शब्दांचा अर्थ तिच्या वेळाच्या हिशेबानेच ठरवला पाहिजे.